कूर्चेच्या संशोधनात येणाऱ्यांनी आधी काय शिकावे

कूर्चेच्या, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या लवचीक ऊतीच्या, पुनर्निर्मितीवर काम करायला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना थेट पेशी वाढवायच्या असतात. मी मात्र प्रत्येकाला आधी निरोगी कूर्चेची यामिकी (भाराखालचे वर्तन) स्वतः मोजायला लावतो, कारण मूळ ऊती भार कसा पेलते हे हाताखालून गेल्याशिवाय आपण घडवलेली ऊती कितपत खरी उतरली याचा निवाडा करता येत नाही.

सांध्यातील कूर्चेच्या वजनात साधारण ६५ ते ८० टक्के पाणी असते. ॲग्रिकॅन या साखर-प्रथिनाचे मोठे रेणू आपल्या ऋण प्रभारामुळे ते आत ओढून धरतात आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे जाळे त्या फुगण्याला आवर घालते. भार पडताच त्याचा मोठा वाटा पाण्याचा दाब उचलतो. पाणी सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू झिरपले की तो भार घन जाळ्यावर येतो. व्हॅन माउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हेच गणितात मांडले. म्हणूनच भार किती वेगाने दिला आणि मोजण्यापूर्वी किती वेळ थांबलो हे न सांगता दिलेला ताठरतेचा आकडा मी ग्राह्य धरत नाही. बंदिस्त साच्यातील चाचणीत, म्हणजे नमुना बाजूंनी पसरू न देता वरून दाबताना, त्याची जाडी दुप्पट झाली तर समतोलाला चौपट वेळ लागतो, तेव्हा घाई नको.

सरावासाठी मटणाच्या दुकानातून आणलेला बोकडाचा ताजा गुडघा पुरतो. नमुना क्षारद्रावणात ओला ठेवावा, त्याची दोन्ही पृष्ठे समांतर कापावीत आणि तो सांध्याच्या कोणत्या जागेचा आहे हे लिहून ठेवावे, कारण जागेनुसार गुणधर्म बदलतात.

पेशींकडे त्यानंतर वळावे. स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांच्या गुडघ्यांत त्यांच्याच कूर्चापेशी वाढवून रोपल्याचा अहवाल दिला आणि या क्षेत्राला मोठी आशा मिळाली. परंतु सपाट बशीत वाढवताना या पेशी आपला गोल आकार सोडतात आणि पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात. ॲगारोजच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जेलमध्ये ठेवल्यावर त्या मूळ वळणावर येतात, हे बेन्या आणि शाफर यांनी १९८२ मध्ये दाखवले होते. सॅफ्रॅनिन-ओ या रंगद्रव्याने ऊतीचा पातळ छेद लाल दिसला म्हणजे कूर्चा तयार झाली असे मानणे मला घातक वाटते, कारण तो रंग प्रोटिओग्लायकॅन (ॲग्रिकॅनसारखे रेणू) दाखवतो. कोलॅजेनचे जाळे किती बळकट आहे हे त्यातून कळत नाही, आणि प्रयोगशाळेतील ऊती बहुधा तिथेच उणी पडते.

प्रयोगशाळा निवडताना तिथे काही न्यूटनांचे बल अचूक मोजणारा लोडसेल (बलमापक) आहे का, हे आवर्जून विचारावे; धातूंच्या चाचणीसाठी घेतलेल्या किलोन्यूटन क्षमतेच्या यंत्रावर कूर्चेचा छोटा नमुना विश्वासाने मोजता येत नाही.