थंड मुलखातली वाइन चाखताना आधी आंबटपणा पाहा

तासगाव-पलूसकडच्या माणसाच्या हातात द्राक्ष आलं की पहिला प्रश्न गोडीचा. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, किती भरली, झालं. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीस्लिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, चाखताना हीच सवय आडवी येते. तिकडे घड सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार रात्रींत पिकतात, त्यामुळे द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल टिकून राहतं. आपला फळछाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पिकतो आणि मणी ते आम्ल श्वसनातच खर्च करून टाकतात. म्हणून या वाइनची परीक्षा आंबटपणापासून सुरू करायची.

आदल्या दिवशी जीभ तयार करा. लिटरभर पाण्यात 8 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवा. पाण्याचे दोन भाग करून एकात 20 ग्रॅम साखर घाला. आलटून पालटून घोट घ्या. साखरेचं पाणी कमी आंबट वाटेल, पण तोंडाला पाणी जवळपास तितकंच सुटेल. जीभ फसते, लाळ सहसा फसत नाही. वाइन चाखतानाही लाळेवरच लक्ष ठेवा.

लेबलवर अल्कोहोल 8-9 टक्के दिसलं, तर बाटलीत साखर उरलेली आहे असं धरा. ‘ट्रॉकन’ लिहिलं असेल आणि आकडा 12च्या आसपास असेल, तर ती कोरडी, म्हणजे गोडी जवळपास नसलेली.

वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला सांगलीच्या एप्रिलात विसरायचा. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली गळ्यापर्यंत 20 मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. रीस्लिंगला 8 ते 10 अंश बरे. फ्रिजमधून थेट ओतली तर वास दबतो आणि नुसतं आंबट लागतं. फ्रिजमधली बाटली ओतण्याआधी 15 मिनिटं बाहेर ठेवा.

तोंडाशी निमुळता होणारा काचेचा ग्लास घ्या, त्यात 50 मिली, जास्त नाही. फिरवा, हुंगा. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पीच सापडेल. जुन्या रीस्लिंगला चक्क पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष नव्हे, टीडीएन नावाच्या संयुगाची करामत आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बूच खराब. त्याला इलाज नाही, बाटली बाजूला ठेवा. तळाशी खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरेट, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक आहेत. काचही नाही, साखरही नाही.

आता चमचा-दोन चमचे तोंडात घेऊन पाच-सहा सेकंद घोळवा, ओठांतून थोडी हवा ओढा आणि स्टीलच्या भांड्यात थुंका. चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. वहीत ‘छान, फ्रूटी’ लिहून काही कळत नाही. असं लिहा: ‘हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आंबट जोरदार, गोडी मध्यम, चव 10 सेकंद.’

मध्ये साधा पाव आणि पाणी. भडंग चाखणं संपल्यावरच. लसूण-मिरचीनंतर वाइनचा वास हाती लागत नाही. नंतर मात्र 8 टक्क्यांची गोडसर बाटली भडंगाबरोबर मजेत जाते. कोरडी 12 टक्क्यांची घेतलीत तर अल्कोहोलमुळे मिरची आणखी झोंबेल.