खोकं ठेवा, पण आधी ते भरायला शिका

घरात नवा स्पीकर किंवा कीबोर्ड आला की त्याच्या खोक्यावरून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जपून ठेवा, विकताना किंमत येते. दुसरा काही न बोलता दसऱ्याच्या साफसफाईची वाट बघतो आणि ते रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढवतो. मी दोन्ही पक्षांत राहून आलोय. पाच घरं बदलली, त्यातली दोन दुसऱ्या शहरात, आणि एका टप्प्यावर माझ्या माळ्यावर अकरा रिकामी खोकी होती. आज तीन आहेत. जे ठेवलं ते का ठेवलं आणि त्यात सामान परत भरायचं कसं, एवढंच इथे सांगतो. विक्रीच्या किमतीचं मला फारसं कौतुक नाही. वापरलेला ऑडिओ मिक्सर घेणारा माणूस आधी त्याचे फेडर (आवाजाची सरकती बटणं) सरकवून बघतो, पुठ्ठा नंतर.

कसोटी एकच: ही वस्तू या खोक्याशिवाय घरी, बाजारात मिळणाऱ्या सामानात, मला नीट बांधता येईल का? येत असेल तर खोकं द्या. नसेल तर ठेवा.

या कसोटीवर बरंचसं आपोआप निकालात निघतं. हेडफोन, माईक, केबल, स्टँड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, ऑडिओ इंटरफेस, या सगळ्यांची खोकी गेली तरी चालतात. टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत यांचा प्रवास उत्तम होतो. गिटारला बरी केस हवी, कारखान्याचा पुठ्ठा नको. हार्मोनियमचंही तेच. भाता दाबून कडी लावा, स्टॉप आत ढकला, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलायची सोय) असेल तर तो त्याच्या कुलपात बसलाय ना बघा आणि पेटी तिच्या लाकडी किंवा फायबरच्या केसमध्ये ठेवा. मिरजेहून तानपुरा आणणाऱ्याला तर भोपळ्यासाठी केस लागते हे सांगायची गरजच नसते.

राहिले ते जड, वेडेवाकडे आणि एका बाजूला झुकणारे नग. मोठे स्पीकर, ट्रान्सफॉर्मरमुळे एकीकडेच वजन असलेले अॅम्प्लिफायर (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर त्या काढून वेगळ्या बांधायच्या), अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि रेकॉर्ड प्लेअर. यांची खोकी ठेवा. पियानोच्या खोक्याला माळ्यावर जागाच नसेल, तर निदान दोन्ही टोकांच्या थर्माकोलच्या टोप्या ठेवा. लांब पुठ्ठा कुठेही मिळतो, त्या टोप्या मिळत नाहीत.

आता वॉरंटी. "खोकं फेकलं की वॉरंटी गेली" हे प्रत्येक दुकानात ऐकू येतं. सहसा लागतं ते बिल आणि सीरियल नंबर. कार्डावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. खोक्यावरच्या नंबराच्या चिकटपट्टीचा फोटो काढा, हवं तर तेवढा पुठ्ठा कापून बिलाला टाचून ठेवा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची परत करण्याची मुदत संपेपर्यंत मात्र आतल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट सगळं ठेवा. तिथे खरंच अडवतात.

ठेवायचं कसं

बाहेरचं खोकं खालची टेप सोडवून सपाट करा. आतलं थर्माकोल एका मोठ्या पिशवीत बांधून त्याच्याजवळ ठेवा. खोक्यात स्वेटर, जुने दिवे, मुलांची पुस्तकं भरू नका. दोन वर्षांनी ते खोकं कशाचं होतं हे कुणालाच आठवत नाही आणि मग थर्माकोलचा एखादा तुकडा "हे काय आहे?" म्हणत केरात जातो.

पावसाळ्यात पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि मऊ पडतो. कोकणात, मुंबईत तर जुलैअखेर त्याला वासच येतो. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीवर तर नकोच. कसर आणि वाळवी दोघींनाही पुठ्ठा आवडतो. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस गच्चीत घाला. आतल्या सिलिका जेलच्या पुड्या पहिल्याच पावसात भरून गेलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून सांगतो. पहिली, केबल थर्माकोलला चिकटून कधीही ठेवू नका. पीव्हीसीच्या आवरणात ते मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन असतं. ते हळूहळू बाहेर येऊन थर्माकोल खातं. दीड वर्षाने मी एक पॉवर केबल काढली तेव्हा ती थर्माकोलमध्ये स्वतःची खाच करून तिथेच डकली होती. केबल कागदात गुंडाळा. दुसरी, राखाडी किंवा काळा स्पंज म्हाताऱ्या बिस्किटासारखा होतो. आधी चिकट, मग भुगा. वर्षातून एकदा बोटाने दाबून बघा. बोटाला काही लागलं तर तो स्पंज फेका आणि पुण्याच्या बोहरी आळीसारख्या बाजारातून पांढऱ्या ईपीई फोमची (पॅकिंगच्या मऊ प्लास्टिक फोमची) शीट आणून त्याच मापाचा तुकडा कापा.

रेकॉर्ड प्लेअर: इथे घाई नको

बाकी सगळ्या वस्तू खोक्यातून जशा निघाल्या तशाच परत जातात. रेकॉर्ड प्लेअर तसा जात नाही. तो खोक्यात येतो तेव्हा सुटा असतो. आपण तो जोडतो, वर्षानुवर्षं वाजवतो, आणि मग जोडलेला तसाच परत कोंबायला जातो. मीही तेच केलं होतं.

पुणे ते नागपूर, मे महिना. खोकं मूळचं, थर्माकोल मूळचं, दोन्ही नव्यासारखी. मी टोनआर्म, म्हणजे सुई धरणारी लांब दांडी, तिच्या खुंटीवर अडकवली, तिला रबरबँड लावला, झाकण बंद करून त्यावर टेप मारली आणि हुश्श म्हणून मोकळा झालो. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची जड फिरती तबकडी, जागेवरच. नागपुरात उघडलं तेव्हा प्लॅटर उसळून झाकणाला आतून ठोकत आला होता. झाकणाला उभा तडा, सुईची दांडी वाकलेली, उन्हात वितळलेला रबरबँड टोनआर्मला चिकटलेला. ते सगळं बदलता आलं. बदलता आलं नाही ते प्लॅटर ज्यावर फिरतो ते बेअरिंग. नवी सुई लावल्यावरही शांत जागी स्पीकरमधून बारीक घरघर यायची, कारण सातशे किलोमीटर तो जड प्लॅटर त्या बारीक दांड्यावर आपटत गेला होता. सामान नेणाऱ्यांशी मी भांडलो, पण खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती. खोकं चांगलं असूनही प्लेअर मोडला तो भरणाऱ्यामुळे.

तेव्हापासून हा क्रम मी सोडलेला नाही.

सगळ्यात आधी फोटो. नवा प्लेअर उघडत असाल तर प्रत्येक थर काढताना एकेक. हे फोटो पुढच्या वेळी खोक्यापेक्षा जास्त कामाला येतात. जुना असेल तर निदान काउंटरवेट (टोनआर्मच्या मागच्या टोकाचं तोलाचं वजन) आणि त्यावरच्या आकड्याचा जवळून.

मग सुईचं टोपण. ते हरवलं असेल तर आज नवं मिळवा आणि उद्या पॅकिंग करा. हेडशेल (सुई बसवलेलं टोनआर्मचं पुढचं टोक) निघणारं असेल तर कडी फिरवून काढा आणि एका छोट्या डबीत ठेवा. ते निघत नसेल तर टोपणावरून कागदी टेपची एक पट्टी, एवढंच. सेलोटेप लावू नका, काढताना ती टोपणासकट सुई ओढते.

काउंटरवेट काढा. ते काढायला जीव धजत नाही, कारण ते परत लावता येईल का अशी भीती वाटते. मलाही वाटायची. पण ते मागे लटकत राहिलं तर प्रत्येक खड्ड्याला टोनआर्मच्या नाजूक बेअरिंगवर हातोडा मारतं. परत लावणं दहा मिनिटांचं काम आहे. हेडशेल बसवा, टोनआर्म हवेत आडवी तरंगेल इतकं काउंटरवेट फिरवा, आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या छोट्या डबीला) लागणारं वजन द्या. ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. तुमच्या कार्ट्रिजचा आकडा कागदावर लिहून काउंटरवेटबरोबरच गुंडाळा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६० सारख्या साध्या प्लेअरला काउंटरवेट काढताच येत नाही, तिथे ही पायरी सोडा.

टोनआर्म खुंटीवर ठेवून तिची पट्टी लावा आणि वर एक तारेचा बंध घाला. पावाच्या पिशवीला येतो तसला, आत तार आणि वर प्लास्टिक. सैलसर पीळ द्या, टोनआर्म वाकेल इतका नाही. रबरबँड का नाही ते वर आलंच आहे.

आता प्लॅटर. मॅट काढा. पट्ट्यावर चालणारा प्लेअर असेल तर पट्टा काढून पिशवीत घाला, ताणलेला राहिला की तो लांबतो. मग प्लॅटर दोन्ही हातांनी, सरळ वर. तिरपा उचलला की अडकतो आणि माणसं मग झटका देतात. झटका देऊ नका. जरा डावी-उजवीकडे हलवत उचला, निघतो. दणकट प्लेअरचा प्लॅटर दीड-दोन किलोचा असतो, पायावर पडू देऊ नका. टेक्निक्सच्या जुन्या एसएल-१२०० एमके२ जातीच्या प्लेअरमध्ये मोटरचं चुंबक प्लॅटरच्या खालच्या बाजूलाच असतं. तो कुठल्याही टेबलावर उपडा-सुलटा ठेवाल तर टाचणी, स्टेपलरची पिन, खिळ्याचा कीस असं सगळं गोळा करून आणेल. स्वच्छ चादरीवर ठेवा आणि बांधण्याआधी खालून बघा.

बऱ्याच मूळच्या खोक्यांत प्लॅटरची जागा प्लेअरच्या खाली, तळच्या थर्माकोलमध्ये असते. तो गोल खळगा पाहून "हे उगाच वाया घालवलंय" असं वाटतं. प्लॅटर तिथेच जातो. थर्माकोल गेलं असेल तर प्लॅटर फोममध्ये गुंडाळून सगळ्यात तळाशी आडवा ठेवा, मध्ये जाड पुठ्ठ्याचा थर, वर प्लेअर. टोनआर्मच्या वर काहीही जड येता कामा नये.

झाकण बिजागरीतून काढा आणि पातळ फोममध्ये गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाईचा डाग पुसताना ओरखडे पडतात.

जुन्या थोरेन्स किंवा ड्युअलसारखा स्प्रिंगवर तरंगणारा प्लेअर असेल तर त्याला प्रवासासाठीचे वेगळे स्क्रू असतात. ते आवळले की वरचा भाग स्थिर होतो. कुठल्या दिशेने फिरवायचे ते मॉडेलनुसार बदलतं, पुस्तिका बघा. जुन्या काही सीडी प्लेअरलाही पोटाखाली असा एक स्क्रू असतो, तो विसरला की लेझरचा सांगाडा आत मोकळा नाचतो.

मग खोकं बंद करा आणि हलवून बघा. काही हललं, काही खडखडलं, तर उघडा. "चालेल" म्हणू नका. माझं नागपूरचं खोकंही हलवल्यावर थोडंसं खडखडलं होतं.

शहराबाहेर जाणार असेल तर हे खोकं दुसऱ्या, पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला. चारही बाजूंना, वर आणि खाली दोन-दोन इंच जागा सोडा आणि ती गच्च भरा. चुरगळलेला कागद दाबून भरला तर चालतो, सैल भरला तर दहाव्या मैलावर तो तळाशी बसतो. "वरची बाजू" असा बाण काढा, पण ट्रकमध्ये तो बाण कुणी बघणार नाही असं धरूनच बांधा. खोकं उलटं झालं तरी आतलं काही जागेवरून हलायला नको.

छोटे भाग, म्हणजे हेडशेल, काउंटरवेट, पट्टा, स्क्रू, पंचेचाळीसच्या रेकॉर्डचा अडॅप्टर, एका डब्यात घालून त्यावर टेप लावा. डबा खोक्यात ठेवू नका. तो माझ्या पाठीवरच्या पिशवीत असतो, तिकिटांच्या शेजारी.

पोहोचल्यावर एसी गाडीतून आलं असेल तर खोकं तासभर तसंच राहू द्या, लगेच उघडलंत तर पावसाळ्यात थंड धातूवर दव धरतं. नंतर उलट क्रमाने: प्रवासाचे स्क्रू सोडवा, प्लॅटर, पट्टा, मॅट, टोनआर्मचा बंध, हेडशेल, काउंटरवेट. वायर सगळ्यात शेवटी. सुईचं टोपण काढण्याआधी टोनआर्म एकदा हाताने आडवी फिरवून बघा, कुठेही अडखळायला नको. आणि तो तारेचा बंध फेकू नका, रिकाम्या खोक्यात टाका.