शिळेवर टाकाने काढलेला ‘चांगला शोमरोनी’: पाहताना या चुका टाळा

रोदोल्फ ब्रेदँ या फ्रेंच चित्रकाराचं १८६१ सालचं ‘चांगला शोमरोनी’ पाहिलं की हमखास ऐकू येतं, “वा, काय एचिंग आहे!” पहिली चूक इथेच होते. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेष कोरतात; यात तो पत्रा नाही, तशी रेषही नाही. हे चित्र आपल्या जुन्या पोथ्यांसारखं शिळाछाप, म्हणजेच लिथोग्राफ आहे. साबण, मेण, चरबी आणि काजळीची शाई टाकात घ्यायची आणि घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर उलटं चित्र काढायचं. नंतर शिळा ओली ठेवली की छपाईची शाई फक्त त्या तेलकट रेषांना धरते. त्या काळी बरेच चित्रकार शिळेवर खडू वापरत, कारण मऊ छटा झटपट मिळते. ब्रेदँने सावलीसुद्धा टाकाच्या बारीक रेषांनी भरली, तीही सुमारे ५६ बाय ४४ सेंटिमीटरच्या चित्रात! या चिकाटीपुढे मी दर वेळी थक्क होतो.

खात्री करायला दहापट भिंग घ्या. एचिंगची शाई कागदावर किंचित उठून येते, इथे ती सपाट बसते. कडेला पत्र्याचा दाब दिसतो का, एवढ्यावर निकाल देऊ नका. पातळ चिनी कागद चिकटवून छापलेल्या लिथोग्राफलाही कधी कधी तसा दाब असतो. विकत घेताना छापील फोटोसारखे जाळीदार ठिपके दिसले तर ती नक्कल समजा. पण ठिपके नाहीत म्हणजे अस्सल, असंही नाही. आधी पट्टीने माप घ्या आणि वरच्या मापाशी ताडून पाहा.

मोबाइलवर पाहून मत बनवू नका. तिथे सगळी झाडी करड्या डागासारखी दिसते.

आणि हे निव्वळ बायबलचं चित्र समजू नका. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची लूककृत शुभवर्तमानातली गोष्ट इथे आहेच, पण चित्राचं आधीचं नाव होतं ‘ख्रिश्चनाला मदत करणारा अब्द अल-कादिर’. फ्रेंचांशी वर्षानुवर्षं लढलेल्या या अल्जीरियन अमीराने जुलै १८६० मध्ये दमास्कसच्या दंगलीत हजारो ख्रिश्चनांचे प्राण वाचवले होते. चित्रातला फेटेवाला तो. जखमी माणसावर तो वाकलाय, मागे खोगीर घातलेला उंट शांत उभा आहे. आता नजर हळूहळू झाडीत न्या: फांद्यांमध्ये माकडं बसलेली आहेत, आणि पानांच्या फटीतून लांबवर एक शहर दिसतं.