कोकणात पुस्तकाचा कार्यक्रम करताय? आधी हिशोब मांडा

पुस्तक प्रकाशन म्हटलं की आपल्याकडे हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, चार पाहुण्यांची लांबलचक भाषणं, मग चहा-वडा, आणि लोक वडा खाऊन पुस्तकांच्या टेबलाकडे न बघताच घरी. छोट्या दुकानदाराला हे परवडत नाही हो, म्हणून तारीख ठरवायच्या आधी कागद-पेन घ्या.

समजा पुस्तक ३०० रुपयांचं, दुकानाला कमिशन ३५ टक्के म्हणजे १०५ रुपये, त्यातून वाचकाला १० टक्के सूट दिली की हातात राहिले ७५. माईक, चहा, हॉल मिळून ३००० गेले तर नुसता खर्च निघायला ४० प्रती खपायला हव्यात, आणि कणकवली-मालवणात एका संध्याकाळी ४० म्हणजे खूप झाल्या. त्यापेक्षा सूट बंद करून प्रवेशाला १०० रुपयांचं कूपन ठेवा, पूर्ण रक्कम पुस्तकाच्या बिलात वळती. कूपन घेतलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने जात नाही आणि २९ प्रतींतच खर्च निघतो.

हॉलऐवजी वाचनालयाला विचारा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे आणि सभासद म्हणजे आयते वाचक. फक्त ते म्हणणार, 'लायब्ररीत येईलच की', म्हणून लेखकाची सही, दोन शब्द गप्पा हे फक्त विकत घेणाऱ्यासाठी ठेवा.

तारखेचं म्हणाल तर मे महिन्यासारखा महिना नाही, चाकरमानी गावात असतात, निवांत असतात, संध्याकाळी साडेपाचला या म्हटलं तर येतात. गणपतीतही असतात पण आरत्या-भजनांतून मोकळे कुठे होतात! पावसात तर लाईटचाच भरवसा नाही. गावातली लग्नं आणि जत्रा आधी विचारून घ्या, आंबा बागायतदार मात्र मेमध्ये पेट्या भरण्यात गुंतलेले असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. शाळांसाठी १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन धरा.

प्रकाशक असाल तर प्रकाशनपूर्व सवलत सोडू नका, मुंबई-ठाण्यातल्या गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर आधी टाका, पैसे आधी घ्या, प्रती कार्यक्रमाला येऊन न्यायच्या. छपाईचा पैसा थोडा तरी आधीच हातात येतो आणि किती छापायच्या तेही कळतं. दुकानदाराने माल परतीच्या बोलीवरच उचलावा.

कार्यक्रम तासाभराचाच. लेखकाला दहा मिनिटं वाचू दे, मालवणी संवाद असतील तर तेच, आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबवा, पुढचं पुस्तकात. मग लेखक थेट टेबलाशी सहीला आणि चहा टेबलाच्या पलीकडे, म्हणजे रांग पुस्तकांवरूनच जाते, माणूस हातात घेऊन चाळतो, चाळलं की घ्यावंसं वाटतं. बिलाला एकच माणूस बसवा, त्याला दुसरं काम नको. क्यूआर कोड मोठा छापून लावा पण जाड चिऱ्याच्या भिंतीत रेंज जाते, त्यामुळे पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा सकाळीच आणून ठेवा.