कंपायलर बदलला तरी फोर्ट्रान आणि सी++ एकत्र कसे चालवावे

उजनी धरणात पाणी किती उरलं, हा सोलापुरात घरोघरचा विषय. माझ्याकडे त्या हिशेबाचं, फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं एक सबरूटीन (छोटा उपप्रोग्राम) होतं. पाऊस, तापमान असे महिनावार आकडे घेऊन ते बाष्पीभवन काढायचं. त्याला सी++ मध्ये स्क्रीन जोडली, माझ्याकडे नीट चाललं. मित्राच्या मशीनवर दुसरा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) होता, तिथे कंपाइल केलेले तुकडे जोडणारा लिंकर अडला: नाव सापडत नाही.

सबरूटीन तिथेच होतं, नाव मात्र बदललेलं. जीफोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपायलर नाव छोट्या अक्षरांत करून शेवटी अंडरस्कोअर लावतो. विंडोजवरचा इंटेलचा कंपायलर तेच नाव कॅपिटलमध्ये, अंडरस्कोअरशिवाय ठेवतो. सी++ तर नावाला आर्ग्युमेंटचे प्रकारही चिकटवतो. ऑब्जेक्ट फाइलवर, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यावर, 'एनएम' ही कमांड चालवली की ही बदललेली नावं दिसतात. ती बघून हाताने अंडरस्कोअर जोडत बसू नका. मी ते केलंय. नवा कंपायलर आला की पुन्हा पहिल्यापासून.

दोघांनाही सी येते, म्हणून मधली भाषा सी ठेवा. फोर्ट्रान २००३ च्या स्टँडर्डमध्येच त्याची सोय आहे. सबरूटीनच्या पहिल्या ओळीत शेवटी 'बाइंड(सी)' लिहा आणि त्यातच 'नेम' देऊन नाव पक्कं करा. सी++ च्या बाजूला त्याच नावाचं डिक्लरेशन 'एक्स्टर्न "सी"' मध्ये ठेवा.

मग प्रकार जुळवा. फोर्ट्रानमध्ये 'आयएसओ_सी_बाइंडिंग' मॉड्यूल घ्या आणि नुसतं 'रिअल' न लिहिता 'रिअल(सी_डबल)' लिहा. पूर्णांकासाठी सी++ चा 'लाँग' टाळा. ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. ठरावीक ३२ किंवा ६४ बिटचे प्रकार वापरा. फोर्ट्रान एरवी आकड्याऐवजी त्याचा मेमरीतला पत्ता पाठवतो, म्हणून सुट्या आकड्याला फोर्ट्रानमध्ये 'व्हॅल्यू' लावा, नाहीतर सी++ मध्ये पॉइंटर, म्हणजे पत्ताच, घ्या.

आता तक्ता. खरा घोळ इथेच होतो, कारण लिंकर काहीच बोलत नाही. १२ महिने आडव्या ओळींत आणि पाऊस, तापमान, बाष्पीभवन हे ३ उभे रकाने. सी++ मेमरीत ओळीमागून ओळ ठेवतो, फोर्ट्रान रकान्यामागून रकाना. सोलापुरी चादरीचं डिझाइन ताण्याच्या अंगाने मोजलं आणि मागावर बाण्याच्या अंगाने चढवलं, तर फुलाचं फूल राहील का? माझ्याकडे फेब्रुवारीत २३ मिलिमीटर पाऊस दिसला. फेब्रुवारीत आपल्याकडे एवढा पाऊस? शोधल्यावर कळलं, ते जानेवारीचं तापमान होतं. उपाय सोपा आहे: फोर्ट्रानमध्ये (१२,३) असेल तर सी++ मध्ये [३][१२] घ्या. खात्रीसाठी तक्त्यात खरे आकडे न भरता महिना गुणिले १० अधिक रकाना असे भरा. फोर्ट्रानकडून सातव्या महिन्याचा दुसरा रकाना छापून घ्या. ७२ आलं तर जुळलं.

मजकूर शक्यतो पाठवूच नका. फोर्ट्रान उरलेली जागा स्पेसने भरतो, सी शेवटी शून्य बाइट शोधतो. पाठवावाच लागला तर एकेका अक्षराचा अ‍ॅरे करा आणि शेवटी 'सी_नल_चार', म्हणजे तोच शून्य बाइट, घाला. सी++ चं एक्सेप्शन (चालताना फेकलेली चूक) फोर्ट्रानमधून पार जाऊ देऊ नका, आधीच पकडून एरर कोड परत करा. आणि ज्या बाजूने मेमरी घेतली त्याच बाजूने ती सोडावी.

शेवटी लिंकिंग. दोन्ही फाइली आपापल्या कंपायलरने कंपाइल करा. 'मेन' सी++ मध्ये असेल तर जी++ या सी++ कंपायलरने लिंक करून फोर्ट्रानची रनटाइम लायब्ररी जोडा. जीफोर्ट्रानसाठी तो पर्याय '-एलजीफोर्ट्रान'. दुसऱ्या कंपायलरवर लायब्ररीचं नाव बदलतं, पण ते बिल्ड फाइलमध्ये राहतं, कोडला हात लावावा लागत नाही. मग ७२ ची चाचणी त्या दुसऱ्या मशीनवरही चालवा, आणि खरे आकडे त्यानंतरच भरा.