स्वस्त टेबलावरच्या महाग चुका: ऑनलाइन पोकरमध्ये या टाळा

एक सेंट–दोन सेंटच्या टेबलावर (डावाआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, एवढ्या असतात) दोन डॉलर घेऊन बसायचं, ते गेले की पुन्हा दोन घ्यायचे. रक्कम इतकी किरकोळ की हिशेब ठेवायचं कोणाच्या मनात येत नाही, आणि पाणी तिथेच मुरतं. महिनाअखेर खात्यात दिसणारा खड्डा सहसा एखाद्या थरारक डावात पडलेला नसतो. तो ‘बघूया तरी त्याच्याकडे काय आहे’ असं म्हणत केलेल्या कॉलमधून, म्हणजे समोरच्याने लावलेली रक्कम भरून डावात राहण्यातून, पडत गेलेला असतो. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ या एकाच सवयीत आहे.

आधी कायद्याचं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. त्यामुळे इथली पैशांची गणितं न्यू जर्सी, ब्रिटन अशा ठिकाणी परवानाधारक साइटवर खेळणाऱ्यांसाठी आहेत. पुण्यात बसून फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यालाही ती लागू पडतात, फक्त खिसा हलका होत नाही. व्हीपीएन लावून परदेशी साइटवर बसण्याची आयडिया मात्र डोक्यातून काढा. पैसे काढताना ओळखपत्र आणि पत्ता मागतात, आणि अडकलेल्या शिलकीसाठी दाद मागायला जागा नसते.

तीन पत्तीचा हात पोकरला लावणं

आपल्यापैकी बहुतेकांचे पत्ते दिवाळीतल्या तीन पत्तीपासून सुरू होतात. तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये उलट: कलर, म्हणजे फ्लश, हा स्ट्रेटपेक्षा, म्हणजे सिक्वेन्सपेक्षा, मोठा. यामागे साधी मोजणी आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० प्रकारे पडतात आणि कलर १,०९६ प्रकारे. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठं. (तीन पत्तीत ट्रेल प्युअर सिक्वेन्सपेक्षा किंचित जास्त वेळा पडूनही वर बसते; तिथे मोजणीपेक्षा रिवाजाचं चालतं.) पोकरच्या होल्डम प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). टेबलावर एकाच रंगाची तीन पानं उघडी असताना स्ट्रेट घेऊन सगळा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) ढकलणारे लोक रोज दिसतात.

त्याहून महाग पडते ती ‘शो’ची सवय. दोघंच उरले की पैसे टाकून शो मागायचा, ही तीन पत्तीतली मजा. पोकरमध्ये रिव्हरला केलेला कॉल तसाच वाटतो, पण इथे शोचा भाव समोरचा ठरवतो.

एक्क्यांची जोडी सोडवत नाही

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून एक डाव सावकाश बघू. तुमच्याकडे दोन एक्के. तुम्ही ६ सेंट रेझ केलं (रक्कम वाढवली), बिग ब्लाइंडवरच्याने कॉल केलं. पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, स्मॉल ब्लाइंडचा एक धरून १३ सेंट. फ्लॉपला गुलाम, नऊ, चार, वेगवेगळ्या रंगांचे. तुम्ही ८ लावले, तो आला, पॉट २९. टर्नला दुर्री. तुम्ही २० लावले आणि इतका वेळ गप्प असलेल्या त्या गृहस्थाने ६० केले.

आणखी ४० सेंट घालायचे. समोर पॉटमध्ये १०९ आहेत, म्हणजे ४० घालून १४९ च्या पॉटवर दावा. २७ टक्के वेळा जिंकलात तरी पुरे. स्वस्त वाटतं. पण तुमच्या मागे अजून १२६ सेंट आहेत आणि रिव्हरला तेही मागितले जाणार. म्हणजे प्रश्न ४० सेंटचा नसून १६६ सेंटचा आहे, ८३ बिग ब्लाइंडचा.

आता समोरच्याकडे काय असेल? या पातळीवरचा सरासरी खेळाडू कॉल भरपूर करतो, टर्नला रेझ क्वचित. करतो तेव्हा बहुधा दोन जोड्या किंवा सेट (सारखी तीन पानं) असतो. त्याच्याकडे चौक्यांचा सेट असेल तर ४४ पानांपैकी तुमच्या कामाची फक्त दोन, साडेचार टक्के. गुलाम–नऊ अशा दोन जोड्या असतील तर दोन एक्के, तीन चौक्या, तीन दुर्र्या मिळून आठ पानं, १८ टक्के. सतत ब्लफ करणारा कोणी असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याचा पुरावा आधीच्या डावांत दिसलेला हवा. ‘मला वाटतं हा ब्लफ करतोय’ एवढ्यावर ८३ बिग ब्लाइंड लावायचे नसतात. १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड ही इथे चांगली कमाई मानतात. त्या हिशेबाने हा एक कॉल सोळाशेहून जास्त डावांची कमाई घेऊन जातो.

फोल्ड करा, पानं टाकून द्या. एक्के फ्लॉपच्या आधी सगळ्यात मोठे असतात. टर्नला रेझ आल्यावर ती फक्त एक जोडी असते.

चारने गुणायचं की दोनने?

फ्लशचा ड्रॉ असेल (एका रंगाची चार पानं जमली, पाचवं हवं) तर कामाची पानं नऊ. ‘नऊ गुणिले चार, ३६ टक्के’ हा आडाखा सगळ्यांना पाठ असतो. तो खरा आहे (नेमका आकडा ३५), पण टर्न आणि रिव्हर दोन्ही पानं नक्की बघायला मिळणार असतील तरच, म्हणजे फ्लॉपलाच ऑल-इन झालं (सगळे पैसे लागले) असेल तर. एरवी पुढच्या एका पानाचाच हिशेब: दोनने गुणा, १८ ते २० टक्के. समोरच्याने ३० च्या पॉटमध्ये ३० लावले तर तुम्हाला ३३ टक्के लागतात. फ्लश लागल्यावर तो आणखी पैसे देईल, असा भरवसा असेल तर थोडी सूट घ्या. पण सत्ती-छक्कीचा फ्लश घेऊन नव्हे, कारण मोठे पैसे देणाऱ्याकडे बरेचदा मोठा फ्लश असतो.

दोन एकरंगी पानं दिसली की डावात उतरण्याचा मोहही यातलाच. फ्लॉपलाच पुरा फ्लश सुमारे ११९ वेळांत एकदा मिळतो.

न सोडणाऱ्याला ब्लफ

अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा यशस्वी व्हावा लागतो, पूर्ण पॉटचा दोनातून एकदा. मधली जोडी घेऊन रिव्हरपर्यंत येणारा माणूस तितक्यांदा फोल्ड करत नाही. त्याच्यासमोर ब्लफ बंद, आणि चांगली पानं आली की मोठी बेट. इथे डावपेचांचं कौतुक करायला कोणी बसलेलं नाही.

नुसता कॉल करून डावात शिरणं आणि स्मॉल ब्लाइंडमधून ‘अर्धे तर भरलेच आहेत’ म्हणून येणं, या दोन्ही सवयी आजच सोडा. त्यांचा बचाव करण्यासारखं काही नाही. शिवाय रेक, म्हणजे पॉटमधून साइट कापते तो वाटा, आहेच: साधारण पाच टक्के, आणि छोट्या टेबलावर कमाल मर्यादा सहसा गाठलीच जात नाही, त्यामुळे कापणी पुरी होते. बऱ्याच साइटवर फ्लॉप पडला नाही तर रेक नाही. आधीच रेझ करून पॉट उचलण्याचा हाही एक फायदा.

गेलेले पैसे वरच्या टेबलावर शोधणं

२० ते ३० बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) हाताशी असावेत, म्हणजे दोन डॉलरच्या टेबलासाठी ४० ते ६० डॉलर. तीन बाय-इन एका संध्याकाळी गेले म्हणून पाच डॉलरच्या टेबलावर उडी मारणारा तिथे चिडलेल्या डोक्याने आणि अपुऱ्या पैशांनी बसतो. जास्त टेबलं उघडणं हा त्याचाच दुसरा अवतार. साइटच्या सेटिंगमध्ये जमा रकमेची मर्यादा असते. ती शांत डोक्याने आधीच लावा. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर (जुगाराच्या साइट स्वतःसाठी बंद करून घेण्याची सेवा) मोफत नोंदणी केली की परवानाधारक साइट किमान सहा महिने बंद होतात. घरखर्चाला हात लागत असेल तर पानांचं गणित बाजूला ठेवून हेच आधी करायचं.

हरलेला डाव चुकीच्या बाजूने वाचणं

डावांची नोंद साइट ठेवते. पोकरट्रॅकर किंवा होल्डम मॅनेजरमध्ये ती भरता येते, पण तुमच्या साइटला असं सॉफ्टवेअर चालतं का ते आधी तपासा. आठवड्यातले सगळ्यात मोठे हरलेले पाच पॉट काढा आणि समोरच्याची पानं झाकून वाचा. ती दिसली की ‘अरे, सेट होता, नशीबच खराब’ असं म्हणून माणूस मोकळा होतो. प्रत्येक कॉलपाशी थांबून तीन गोष्टी लिहा: किती टक्के लागत होते, समोरच्याकडे कोणकोणती पानं असू शकत होती, त्यांतल्या कितींना आपण हरवत होतो. मग तेवढेच मोठे जिंकलेले पाच पॉटही याच पद्धतीने बघा. वाईट कॉल रिव्हरला पान लागल्यामुळे तिथेही लपलेले असतात, आणि ते कोणी तपासत नाही.