टॅरंट्युला हातावर घेताय? या चुका टाळा

टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळलाय म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "चावतो का?" चावतो, पण त्याच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. खरा घोळ पडण्यात आणि केसांत आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

उभ्याने हातावर घेणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या कोळ्याचं पोट म्हणजे पातळ कातडीची भरलेली पिशवी. कमरेच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर आपटला की ते फुटतं आणि निळसर रक्त वाहू लागतं. बारीक चीर असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर हलकेच दाबून रक्त थांबवता येतं, मोठी असेल तर वाचत नाही. हातावर घ्यायचाच असेल तर जमिनीवर मांडी घाला आणि हात वीतभरच वर ठेवा. खाली मऊ काहीतरी हवं म्हणून टर्किश टॉवेल मात्र अंथरू नका. सोलापुरात तोच आधी हाताशी येतो, पण त्याच्या दोऱ्यांच्या फासांत कोळ्याच्या पायांची बारीक नखं अडकतात, तो हिसका देतो आणि पाय तुटू शकतो. त्यापेक्षा घट्ट विणीची साधी चादर बरी. कोळ्याच्या पेटीला जाळीचं झाकण नको, तेही याच कारणाने.

खरं सांगायचं तर हातावर घेतल्याने कोळ्याला काडीचाही आनंद होत नाही. तो लळा लावणारा प्राणी नाही. जागा बदलायची असेल तर त्याच्यावर पारदर्शक डबा पालथा घाला आणि मऊ ब्रशने मागून हलकेच ढोसा. एवढं पुरतं.

केसांना हलक्यात घेणं. मेक्सिकन रेड नी, चिलीयन रोझ अशा अमेरिकेकडच्या बऱ्याच जाती चिडल्या की मागचे पाय पोटावर घासून केस उडवतात. कातडीला लागले तर खाजकुयलीसारखी आग होते. खाजवू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर प्रकरण वेगळं. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला एक तरुण आपल्या कोळ्याची काचपेटी साफ करत होता. कोळ्याने केस उडवले, डोळा लाल झाला, अँटिबायोटिक थेंबांनी फरक पडला नाही. शेवटी तपासणीत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले केस दिसले. म्हणून पेटी साफ करताना चष्मा लावा. डोळा चुरचुरला तर चोळू नका, पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि "कोळ्याचे केस गेलेत" हे स्वतःहून सांगा. जुन्या मातीतही हे केस पडलेले असतात.

आपल्याकडच्या पोसिलोथेरिया जातींना असे केस नसतात, पण त्या विजेच्या चपळाईने पळतात आणि त्यांचं विष जास्त तीव्र असतं. चावल्यावर स्नायूंत गोळे येतात, ते काही दिवस पुन्हा पुन्हा येऊ शकतात. यांना हातावर घेऊच नका.

उताणा पडला म्हणजे मेला असं समजणं. बहुधा तो कात टाकत असतो. हात लावू नका, फुंकर मारू नका, पेटीतला जिवंत किडा मात्र लगेच काढा. तो कोळ्यालाच कुरतडतो. कात टाकल्यावर सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते काळे होईपर्यंत खाणं नको, हाताळणंही नको. पाय आत मुडपून पालथा बसलेला दिसला तर मात्र काळजी करा. पाणी कमी पडल्याची ती खूण असू शकते.

मे महिना विसरणं. चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते. पेटी तळमजल्यावर, भिंतीकडच्या सावलीत ठेवा, पाण्याची वाटी रोज भरा. कूलरचा झोत थेट नको. डासांची कॉइल आणि स्प्रे त्या खोलीत बंद. ज्वारीच्या शेतातून पकडलेले नाकतोडेही देऊ नका, फवारणीचं विष त्यांच्यातून कोळ्यात जातं.

चावलाच तर जखम साबणाने धुवा, बर्फ लावा. गोळे आले, श्वास लागला तर सिव्हिल गाठा. सापाच्या विषावरची लस इथे उपयोगी नाही, उपचार लक्षणांवरच होतात.

घेण्याआधी जात नीट विचारा. पोसिलोथेरिया 2019 पासून साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, मेक्सिकन रेड नी त्याआधीपासून. साइटिसच्या यादीतल्या परदेशी जाती बाळगायच्या तर वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. माळरानावर दिसलेला रानटी कोळी तर डब्यात भरून आणूच नका.